तुमचा पसारा आवरा : संगणकाचे गेम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

पुण्यात, मुंबईत, बंगळुरात, हैदराबादेत आणि जगात कुठेही संगणकावरचे गेम बनवणाऱ्या मित्रांनो,



पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या गेमपायी होणारा एक त्रास तुमच्यापर्यंत कधी पोचत नाही. तो आमच्या दुकानात येतो. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. प्रिंटरपासून लॅपटॉपच्या बिजागरीपर्यंत सगळं करतो, पण मुख्य काम एकच : विंडोज बिघडलं की फॉरमॅट मारून नवीन टाकायचं. परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत टेबलावर जागा उरत नाही. मशीन ठेवून जाताना गिऱ्हाईक एक गोष्ट हमखास बजावतं, "सी मारा, डीला हात लावू नका."

या सांगण्यामागे आपल्याकडची एक जुनी, शहाणी सवय आहे. असेम्बल करून घेतलेल्या पीसीत हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग पाडायचे. सीमध्ये विंडोज, बाकी आपलं सगळं डीमध्ये. फोटो, लग्नाचं शूटिंग, गाणी, मुलांचे प्रोजेक्ट, आणि गेम. विंडोज आज ना उद्या बिघडणारच, पण आपलं सामान डीमध्ये शाबूत राहील, हा हिशोब कुणी वर्गात शिकवला नाही. एकाचं बघून दुसऱ्याने उचलला. त्यामुळे गेम टाकतानाही मुलं पत्ता बदलून डी ड्राइव्ह देतात. इन्स्टॉलर विचारतो की कुठे टाकू, आणि मुलांना वाटतं की विचारलंय म्हणजे सगळं तिथेच जाणार.

तसं होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

एक प्रसंग सांगतो. इंजिनिअरिंगला शिकणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. फॉरमॅट दुसरीकडे मारून आणलेला होता आणि तो नीट मारलेला होता. त्या दुकानदाराची काही चूक नव्हती. डीमधला तिचा 'गेम्स' फोल्डर जसाच्या तसा होता. तिने फॉरमॅटला देण्यापूर्वी डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपसुद्धा पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता. म्हणजे शहाण्या माणसाने जे जे करायचं ते सगळं तिने केलं होतं. गेम शहर वसवण्याचा. ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून लॉकडाउनपासून एकच शहर वाढवत होते आणि रस्त्यांना आपल्या गावातल्या गल्ल्यांची नावं दिली होती. आता गेम उघडल्यावर फक्त 'न्यू गेम' दिसत होतं. 'कंटिन्यू'चं बटण पुसट. तिने मला विचारलं, "काका, गेम डीमध्येच आहे ना, मग शहर कुठं गेलं?"

शहर कधीच डीमध्ये नव्हतं. ते सीमध्ये, युजर्सच्या आत, तिच्या नावाच्या फोल्डरच्या आत, ॲपडेटाच्या आत, आणखी दोन फोल्डर खाली होतं. ॲपडेटा विंडोज मुळातच लपवून ठेवतं. 'हिडन आयटम्स'वर टिक केल्याशिवाय तो नजरेस पडतसुद्धा नाही. जी वस्तू दिसत नाही तिचा बॅकअप ती कसा घेणार? जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेलं थोडंफार परत काढता येतं. तिच्या लॅपटॉपला एसएसडी होती. एसएसडीवर मोकळी झालेली जागा ट्रिम नावाच्या व्यवस्थेने लगोलग साफ होते, त्यामुळे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला तिथे काही सापडत नाही. मी तिला खरं ते सांगितलं. ती वाद न घालता उठली, आणि दारातून परत वळून म्हणाली, "मग इन्स्टॉल करताना पत्ता विचारतात कशाला?"

हा तिचा प्रश्न मी तुमच्याकडे पोचवतोय.

सेव्ह गेम कुठे असतो याचं उत्तर प्रत्येक गेमागणिक वेगळं आहे. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळलेला जीटीए व्हाइस सिटी घ्या. 2003 साली पीसीवर आलेला हा गेम डॉक्युमेंट्समध्ये 'जीटीए व्हाइस सिटी युजर फाइल्स' असा फोल्डर करतो. नाव लांबलचक आहे, पण निदान बघणाऱ्याला कळतं. जीटीए फाइव्हने डॉक्युमेंट्स कायम ठेवलं, पण आत कंपनीच्या नावाचा फोल्डर, त्यात गेमचा, त्यात प्रोफाइल्स, आणि त्यात आकड्या-अक्षरांच्या लांब नावाचा आणखी एक. स्कायरिम डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये जातो. स्टारड्यू व्हॅली आणि एल्डन रिंग ॲपडेटातल्या रोमिंगमध्ये. हॉलो नाइट ॲपडेटातल्याच लोकललोमध्ये, टीम चेरी या नावाखाली. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती रोमिंगमध्ये फोल्डर करते आणि त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. लिनक्समध्ये असं टिंब दिलं की फोल्डर लपतो, विंडोजमध्ये त्याचा काही उपयोग नाही. पबजीच्या सेटिंग ज्या फोल्डरमध्ये असतात त्याचं नाव 'टीएसएलगेम'. मुलाचा गेम शोधणाऱ्या आईला हे नाव बघून काय बोध व्हावा?

सगळ्यात नवल मला एकाच कंपनीच्या दोन गेमांचं वाटतं. द विचर 3 आपले सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, आणि त्याच सीडी प्रोजेक्ट रेडचा सायबरपंक 2077 ते युजरच्या 'सेव्ह्ड गेम्स' फोल्डरमध्ये ठेवतो. त्यात हेडीझ डॉक्युमेंट्सच्या आत स्वतःचा वेगळा 'सेव्ह्ड गेम्स' फोल्डर काढतो. म्हणजे एकाच संगणकावर एकाच नावाचे दोन फोल्डर, आणि दोन्हींत गेमच. युनिटी या गेम-इंजिनावर बनलेले काही गेम तर याही पुढे जातात आणि प्रगती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या वहीत, लिहितात. मग फोल्डर शोधून कॉपी करण्याचाही प्रश्न राहत नाही, कारण तिथे फाइलच नसते.

हे असं का झालं, याचा थोडा इतिहास मला ठाऊक आहे, आणि सगळा दोष तुमच्या माथी मारणं न्यायाचं होणार नाही. डॉसच्या काळात गेम म्हणजे एक फोल्डर. प्रिन्स ऑफ पर्शिया असो की डेव्ह, सगळ्या फाइल एका जागी. फ्लॉपीत भरला, दुसऱ्याकडे नेला, चालू झाला. विंडोज 95 ने 1995 मध्ये प्रोग्रॅम फाइल्स नावाची जागा दिली, तरी गेम आपले सेव्ह आपल्याच फोल्डरमध्ये लिहीत राहिले. मग विंडोज एक्सपीत एका संगणकावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करायची पद्धत रुळली. एकाचा सेव्ह दुसऱ्याने पुसू नये म्हणून प्रत्येकाच्या फाइल त्याच्या त्याच्या खात्यात असाव्यात, हा विचार रास्तच होता. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि प्रोग्रॅम फाइल्सचं दार खरोखर बंद झालं. जे जुने गेम तरीही तिथे लिहायला गेले, त्यांच्या फाइल व्हिस्टाने गुपचूप ॲपडेटातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरकडे वळवल्या. गेमला वाटतं मी माझ्या घरात लिहिलं, खेळणाऱ्याला वाटतं गेमच्या फोल्डरमध्ये असेल, आणि फाइल तिसरीकडेच. ॲपडेटाचे लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन भाग पाडून मायक्रोसॉफ्टने गोंधळात भर घातली, हेही खरं.

पण त्याच व्हिस्टाने प्रत्येक युजरला 'सेव्ह्ड गेम्स' नावाचा फोल्डर दिला. तो लपलेला नाही. नाव स्पष्ट आहे. त्याचा पत्ता विंडोजला विचारायची ठरलेली सोय आहे, आणि कुणी तो फोल्डर उचलून डीमध्ये नेला तर विंडोज नवा पत्ता सांगतं. म्हणजे सी-डीचा आमचा जुना हिशोबसुद्धा त्यात बसतो : एकदा 'सेव्ह्ड गेम्स' डीला हलवला की सी कितीदाही मारा, सेव्ह शाबूत. जागा 2007 पासून तयार आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक मशीनवर तो फोल्डर उघडला की आत काही नसतं.

आता आपल्या भाषेशी थेट संबंध असलेली गोष्ट, जी मला सर्वांत जास्त लागते. नवीन विंडोज टाकताना लोकल खात्याला नाव विचारलं जातं, आणि तेच नाव युजर फोल्डरचं होतं. पुढे खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं बदलत नाही. एखाद्या आईवडिलांना लेकराचं नाव मराठीत लिहावंसं वाटतं. कीबोर्ड आहे, विंडोज घेतंही. युजर्समध्ये 'क्षितिज' असा देखणा फोल्डर तयार होतो. वर्ड चालतं, ब्राउजर चालतो, फोटो दिसतात. आणि एखादा गेम मात्र चालू होऊन लगेच बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नीट चालतो आणि सेव्हच करत नाही.

कारण असं : विंडोजमध्ये फाइलचा पत्ता सांगायच्या दोन तऱ्हा आहेत, एक जुनी आणि एक युनिकोडची. जुन्या तऱ्हेत प्रत्येक लिपीसाठी अक्षरांचा एक छोटा तक्ता असे. रशियनचा होता, ग्रीकचा होता, अरबीचा, थाईचा होता. विंडोजने देवनागरीचा असा तक्ता कधी केलाच नाही; आपली लिपी विंडोज 2000 मध्ये आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे जुन्या तऱ्हेने पत्ता विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती 'क्षितिज'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं पडतात. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. पत्ताच अशक्य, मग फोल्डर कसा तयार होणार? रशियातला खेळाडू विंडोजमध्ये जुन्या तऱ्हेच्या प्रोग्रॅमसाठीची भाषा रशियन करून यातून सुटू शकतो. मराठी, हिंदी, कोकणी लिहिणाऱ्याला तीही पळवाट नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही युनिटी किंवा अनरियल वापरतो आणि ती युनिकोड सांभाळतात. सांभाळतात. पण त्यांना जोडलेली आवाजाची किंवा व्हिडिओची एखादी जुनी लायब्ररी, तुमचा स्वतःचा लाँचर, बिघाडाचा अहवाल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, यांपैकी एक जरी जुन्या तऱ्हेचा असला तरी सगळं तिथे अडतं. 2019 च्या मेमध्ये आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये एक नोंद केली की जुनी तऱ्हासुद्धा यूटीएफ-8 मध्ये बोलते. उपाय इतका जवळ आला आहे. तोवर मला गिऱ्हाइकाला सांगावं लागतं की नाव इंग्रजी अक्षरांत लिहा, मध्ये जागा सोडू नका. आपल्या मुलाचं नाव आपल्या लिपीत लिहिणाऱ्या माणसाला हे सांगताना मला वाईट वाटतं, आणि ते सांगायची पाळी माझ्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गेमचा स्वतःचा फोल्डर तरी सरळ असावा? स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम प्रोग्रॅम फाइल्सच्या आत स्टीम, त्यात स्टीमॲप्स, त्यात कॉमन, आणि मग गेम, अशा वाटेवर असतात. ही वाट लांब असली तरी सगळ्यांना एकच आहे, म्हणून तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढे अनरियलवरचा गेम उघडला की आत पुन्हा प्रोजेक्टच्या नावाचा फोल्डर, त्यात बायनरीज, त्यात विन64, आणि खरा प्रोग्रॅम तिथे, नावाच्या शेपटीला 'शिपिंग' लावून. हे प्रोजेक्टचं नाव पुष्कळदा काम सुरू करताना ठेवलेलं कच्चं नाव असतं. बाजारात येताना गेमचं बारसं होतं, फोल्डरचं होत नाही. युनिटीत तर कंपनीच्या नावाचा रकाना भरायचा राहिला तर लोकललोमध्ये 'डिफॉल्टकंपनी' नावाचा फोल्डर तयार होतो, आणि ज्यांचा ज्यांचा रकाना राहिला त्या सगळ्यांचे गेम त्यात एकत्र नांदतात. हा रकाना भरायला मिनिटही लागत नाही. मात्र गेम बाजारात गेल्यावर नाव बदललं तर लोकांचे जुने सेव्ह सापडेनासे होतात, म्हणून ते काम पहिल्याच दिवशी करायचं असतं.

काही कचरा गेमबरोबर येणाऱ्या दुसऱ्यांच्या सामानाचा असतो. व्हिज्युअल सी प्लस प्लस 2008 चं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज अनेक गेमांच्या इन्स्टॉलरमध्ये असायचं. त्यात एक जाहीर दोष होता : काम झालं तरी तात्पुरत्या फाइल ते ड्राइव्हच्या अगदी मुळाशी टाकून जायचं. वेगवेगळ्या भाषांतले करारनामे, पुढे 1028, 1031, 1033 असे आकडे, एक चित्राची फाइल, दोन-तीन इन्स्टॉलच्या. डी ड्राइव्ह उघडला की आपल्या फोटोंच्या फोल्डरशेजारी ही अनोळखी रांग. हा व्हायरस आहे का, असं विचारायला माणसं येतात. त्यांची भीती रास्त आहे. आपण न ठेवलेली वस्तू आपल्या घरात दिसली तर कुणीही विचारणारच.

फोल्डरच्या बाबतीतली हेळसांड कुठवर जाऊ शकते याची नोंद तुमच्याच धंद्याच्या इतिहासात आहे. 1998 मध्ये बंजीचा मिथ 2 हा गेम डब्यांत भरून तयार झाल्यावर लक्षात आलं की त्याचा अनइन्स्टॉलर ज्या फोल्डरमध्ये गेम आहे तो सगळाच्या सगळा पुसतो. कुणी गेम थेट ड्राइव्हच्या मुळाशी टाकला असेल तर अख्खा ड्राइव्ह जाणार. बंजीने डबे परत मागवले आणि तोटा सोसला. ही जबाबदारीची गोष्ट मला आदराची वाटते. डिसेंबर 2007 मध्ये ईव्ह ऑनलाइनचं ट्रिनिटी हे अपडेट आलं. या गेमची स्वतःची एक फाइल होती, तिचं नाव बूट डॉट आयएनआय. विंडोज एक्सपीलाही सुरू होण्यासाठी याच नावाची फाइल लागते, ती सीच्या मुळाशी असते. अपडेटला गेमच्या फोल्डरमधली जुनी फाइल काढायची होती. पत्त्यातल्या एका तिरप्या रेघेच्या चुकीने त्याने सीच्या मुळाशी जाऊन विंडोजची काढली. ज्यांनी त्यानंतर संगणक बंद केला, त्यांच्यापैकी काहींचा तो पुन्हा सुरूच झाला नाही. ईव्ह बनवणाऱ्या आईसलँडच्या कंपनीने प्रकार उघडपणे मांडला, माफीही मागितली. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या एका स्क्रिप्टबद्दल असंच बाहेर आलं : कुणी स्टीमचा फोल्डर हलवला असेल तर पत्त्याची जागा रिकामी राहायची, आणि पुसण्याची आज्ञा त्या माणसाच्या सगळ्याच फाइलवर चालायची. या तिन्ही चुका फार हुशार लोकांच्या हातून झाल्या. तिन्हींत गेमचं काय आणि घरमालकाचं काय, ही सीमा पुसट होती. म्हणून मी म्हणतो की फोल्डरचा प्रश्न टापटिपीपुरता नाही.

डॉक्युमेंट्सबद्दल आणखी थोडं. आमच्या गिऱ्हाइकाच्या डॉक्युमेंट्समध्ये बारावीची गुणपत्रिका असते, जातीचा दाखला असतो, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्याची पीडीएफ, लग्नाचा बायोडेटा. हल्लीचं विंडोज हा फोल्डर वनड्राइव्हला जोडून घ्यायचा आग्रह धरतं आणि पुष्कळांच्या नकळत तो जोडला जातो. फुकट मिळणारी जागा 5 जीबी. तुमचा गेम त्याच डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह, रीप्ले, स्क्रीनशॉट आणि लॉग टाकत असेल तर ती जागा पाहता पाहता भरते, आणि नंतर आलेली गुणपत्रिका वर चढतच नाही. नेट बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या ठरलेल्या डेटावर; गेमचे लॉग वर चढवण्यात तो जातो. शिवाय गेम फाइल लिहीत असताना वनड्राइव्हने तीच धरलेली असेल तर सेव्ह अडतो. डॉक्युमेंट्स ही माणसाने स्वतः ठेवलेल्या कागदांची जागा आहे. तिथे प्रोग्रॅमने आपणहून काही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे, मग तो गेम कितीही गाजलेला असो.

"पण आता क्लाउड सेव्ह असतात की," असं उत्तर मला नेहमी मिळतं. चांगली सोय आहे, मी लोकांना ती चालू करायला लावतो. पण ती सगळ्या गेमांना नाही. प्रत्येक गेमसाठी तुम्हालाच ती द्यावी लागते. आमच्याकडे एका घरात एकच संगणक आणि एकच खातं असतं, त्यावर तीन भावंडं खेळतात. आणि क्लाउडला चांगली फाइल आणि बिघडलेली फाइल यांत फरक कळत नाही. बिघडलेली नवीन असेल तर तीच वर जाते. बिघडायला कारणही रोजचं आहे. पावसाळ्यात आमच्या भागात लाइट जाते, डेस्कटॉपला यूपीएस असतोच असं नाही, आणि सेव्ह होत असतानाच गेली तर फाइल अर्धी लिहिली जाते. यावर तुमच्याकडे जुना, खात्रीचा उपाय आहे : आधी वेगळ्या नावाने पूर्ण फाइल लिहायची, ती नीट लिहिली गेली की मगच तिला मूळ नाव द्यायचं, आणि आधीची एक प्रत बाजूला ठेवायची. हे करणारे गेम आहेत. सगळ्यांनी करायला हवं.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत आपली दुनिया निवडून 'एडिट'मध्ये गेलं की तिचा फोल्डर उघडायचं बटण मिळतं आणि बॅकअप घ्यायचंही. पोरं ते स्वतः दाबतात. मला विचारायला येत नाहीत. फॅक्टोरिओची झिप आवृत्ती सेव्हसकट सगळं आपल्याच फोल्डरमध्ये ठेवते. डीमध्ये टाकली की खरोखर सगळी डीमध्ये. जीओजी हे ऑनलाइन दुकान इन्स्टॉलर फाइलच हातात देतं, ती जपून ठेवता येते. आणि सेव्ह कुठे असतात याची गेमवार नोंद 2012 पासून पीसीगेमिंगविकीवर खेळणारे लोक स्वतःच्या वेळात करत आले आहेत. त्या नोंदी वापरून लुडुसावी नावाचा फुकट प्रोग्रॅम एका दमात सगळ्या गेमांचे सेव्ह काढून ठेवतो. फॉरमॅटआधी मी तो चालवतो आणि त्याने अनेकांचं वाचवलं आहे. या लोकांचे मी आभार मानतो. पण गेम बनवणाऱ्याने स्वतः सांगायची माहिती खेळणाऱ्यांना खणून काढावी लागते, हे बरोबर नाही.

हे पत्र मी मराठीत लिहितोय, कारण आता गेम इथे बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' 2020 मध्ये जगभर गेला. आमच्याच तालुक्यातली मुलं पुण्यात जाऊन युनिटी शिकताहेत, कॉलेजच्या प्रोजेक्टला गेम करताहेत. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या सवयी मोडायला वेळ लागेल. तुमच्या सवयी अजून पडायच्या आहेत. म्हणून मागणं आहे ते आधी तुमच्याकडे.

सेव्ह विंडोजच्या 'सेव्ह्ड गेम्स' फोल्डरमध्ये ठेवा, आणि आतल्या फोल्डरला बाजारात असलेलंच नाव द्या. पत्ता स्वतः जुळवून लिहू नका, विंडोजला विचारा. लॉग आणि शेडरचा साठा ॲपडेटातल्या लोकलमध्ये जाऊ दे. तो गेला तरी कुणाचं काही जात नाही. ग्राफिकच्या सेटिंग सेव्हपासून वेगळ्या ठेवा, कारण नवीन मशीनवर जुनं रिझोल्यूशन नेऊन कुणाला काही मिळत नाही. मेनूत सेव्हचा फोल्डर उघडणारं एक बटण द्या. इन्स्टॉल करताना पत्ता विचारता, तिथेच एक ओळ लिहा की तुमची प्रगती इथे नाही, अमुक ठिकाणी राहील. गेम काढून टाकताना सेव्ह ठेवायचे की पुसायचे हे विचारा, आणि गेमने स्वतः लिहिलेल्या फाइलच पुसा. बाजारात जाण्याआधी एका मशीनवर 'क्षितिज' नावाचं खातं काढून त्यात गेम टाकून बघा, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा.

यातलं काहीही अवघड नाही, आणि हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं. त्या मुलीच्या भावाला आता नवीन शहर वसवायचा उत्साह राहिलेला नाही, असं ती परवा चार्जर घ्यायला आली तेव्हा म्हणाली. तिच्यासारखी माणसं तुम्हाला तक्रारीचा मेल पाठवत नाहीत. इंग्रजीत काय लिहावं हेच त्यांना सुचत नाही. त्यांच्या वतीने मी लिहिलं.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या पॅचमध्ये ते बटण दिलं किंवा सेव्ह योग्य जागी हलवले, तर पॅचच्या माहितीत ते ठळक लिहा. जुने सेव्ह आपोआप नव्या जागी येतील अशी तजवीज करा आणि जुन्या जागी एक टेक्स्ट फाइल ठेवून नवा पत्ता लिहा. ज्यांच्या मशीनवर तो गेम आहे त्यांना मी इथे काउंटरवर दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला
जिल्हा सांगली